सई म्हणजे कोण?

प्रश्न : आमच्या नातीचे नाव आम्ही ‘सई’ ठेवले. ते मीच सुचवले होते, कारण माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत असे आणि त्यांत हा शब्द मी लहानपणी अनेकदा ऐकला होता. बारशाच्या दिवशी मात्र जमलेल्यांपैकी एकांनी हे ‘साई’ या नावाचे बिघडलेले रूप असल्याचे सांगितले. संस्कृत जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ते ‘सती’ या शब्दाचे प्राकृत रूप आहे असे सांगितले आणि ते ऐकल्यापासून माझी सून अस्वस्थ आहे. नावांच्या एका यादीत या नावाचा अर्थ ‘लक्ष्मी’ असा, तर दुसऱ्या यादीत ‘एक फूल’ असा दिलेला आहे. या नावाचे मूळ कोणते आणि नातीला मी त्याचा कोणता अर्थ सांगावा?

उत्तर : आपल्या आजीच्या ओव्यांनी आपल्याला जो अर्थ न सांगता सांगितला होता, तोच खरा आहे. सई म्हणजे सखी, जिवाभावाची मैत्रीण. पहाटे जात्याशी बसलेली बाई आपल्या मनातले जिला सांगते ती सई. अशा अनेकजणी असल्या की त्या सया. आणि हाक मारायची झाली की ‘सये’ किंवा ‘सयांनो’. शब्दाच्या अर्थाचा निर्णय करताना व्युत्पत्तीच्या आधी त्याचा वापर पाहावा, असे मला वाटते; कारण व्युत्पत्ती शब्द कोठून निघाला असेल एवढेच सांगते, तर वापर तो कोठे पोहोचला ते दाखवतो. मराठीत ‘सया’ हे अनेकवचन मैत्रिणींखेरीज दुसऱ्या कोणाला उद्देशून येत नाही, आणि पुढे जी चर्चा करायची आहे तिच्यात हा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो.

आता रूप कसे बदलले ते पाहू. संस्कृतातील ‘सखी’ या शब्दाचे महाराष्ट्री प्राकृतात ‘सही’ झाले. प्राकृताच्या व्याकरणकारांनी हा बदल सूत्रात बांधून ठेवला आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात ‘खघथधभां हः’ असे सूत्र आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही आपल्या व्याकरणात तोच नियम दिला आहे. शब्दाच्या आत दोन स्वरांमध्ये आलेल्या ख, घ, थ, ध, भ या वर्णांचा बहुधा ‘ह’ होतो, असा त्याचा आशय. हा नियम आपण रोज बोलण्यात वागवतो, फक्त तो ओळखत नाही. दधिचे दही, बधिरचा बहिरा, गोधूमाचा गहू आणि ‘लिख्’ या धातूपासून लिहिणे, ही सगळी त्याच नियमाची लेकरे आहेत. त्याच वाटेने सखीची सही झाली. (कागदावर आपण करतो ती ‘सही’ अरबीतील ‘सहीह’ म्हणजे ‘बरोबर’ या शब्दातून आलेली आहे, तिचा या सखीशी संबंध नाही.)

पुढची पायरी मराठीची स्वतःची. स्वरांमधला हा ‘ह’ मराठीच्या उच्चारात फार काळ टिकत नाही. पाहिजेचे ‘पायजे’ आणि राहिलाचे ‘रायला’ आपण आजही ऐकतो. सहीतला ‘ह’ असाच झिजून गेला आणि ‘सई’ उरली. यासाठी मला सर्वांत आवडणारे उदाहरण दुसऱ्या एका मुलीच्या नावाचे आहे. संस्कृतात जिला ‘यूथिका’ म्हणतात, त्या फुलाला हिंदीत ‘जूही’ म्हणतात आणि मराठीत ‘जुई’. ‘थ’चा ‘ह’ झाला तेथे हिंदी थांबली; मराठीने तो ‘ह’ही सोडला. सखी, सही, सई आणि यूथिका, जूही, जुई या दोन माळा शेजारी ठेवल्या म्हणजे सई हे रूप किती नियमाने तयार झाले आहे ते दिसते. गुजरातीत मैत्रिणीला ‘सहियर’ म्हणतात आणि त्याचेच ‘सैयर’ असेही रूप आहे. हिंदीतली ‘सहेली’ही याच घरातली. तेव्हा हे नाव कोणाचे बिघडलेले रूप नाही. आपण वापरतो ते हात, पाय, डोळे, कान यांचे शब्द जसे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून घडत आले, तशीच सईही घडली.

आपल्या परिचयातील गृहस्थांनी ‘सती’बद्दल जे सांगितले, त्याचा मात्र सविस्तर विचार केला पाहिजे, कारण ते अज्ञानातून आलेले नाही. प्राकृतात सतीचे रूप ‘सई’ असेच होते. दोन स्वरांमधले क, ग, च, ज, त, द यांसारखे वर्ण बहुधा लोप पावतात, हा प्राकृताचा दुसरा प्रसिद्ध नियम. सूचीची सुई त्यानेच झाली, आणि ‘जाती’ या नावाच्या फुलाची जाईही त्यानेच. सातवाहन राजा हाल याने संकलित केली असे परंपरा मानते त्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांच्या त्या संग्रहात, ‘असई’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ ‘असती’ असाच आहे. त्याच संग्रहात मैत्रिणीला ‘सहि’ अशी हाक मारलेली आढळते. म्हणजे प्राकृताच्या काळी हे दोन शब्द रूपाने आणि अर्थाने स्पष्ट वेगळे होते : सखी ती सही आणि सती ती सई.

मग मराठीतली सई यांपैकी कोणती? केवळ रूपावरून पाहिले तर दोन्ही वाटा शक्य दिसतात. जाईच्या वाटेने आली असेल तर ती सती आणि जुईच्या वाटेने आली असेल तर ती सखी. अशा वेळी अर्थालाच विचारावे लागते, आणि अर्थ निःसंदिग्ध आहे. पतिव्रता या अर्थाने मराठीने ‘सती’ हा संस्कृत शब्द जसाच्या तसा ठेवला; सावित्री, अनसूया यांच्यामागे आपण सती लावतो, सई लावत नाही. उलट ओव्यांमध्ये, मंगळागौरीच्या आणि फेराच्या गाण्यांमध्ये सईला जेथे जेथे हाक आली आहे, तेथे ती सुखदुःख सांगण्यासाठी, खेळायला बोलावण्यासाठी, माहेरची आठवण काढण्यासाठी आलेली आहे. त्या गृहस्थांचा नियम बरोबर होता, पण त्यांनी तो प्राकृतापाशी सोडला. सखीच्या प्राकृत रूपातला ‘ह’ मराठीत गळून ती सतीच्या रूपाशी एकरूप झाली, ही पुढची घडामोड त्यात धरली गेली नाही. आपल्या सुनेला हे अवश्य सांगावे. तिच्या लेकीच्या नावात चितेची सावली नाही.

‘साई’बद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही. उत्तर भारतातील ‘साईं’ हा शब्द स्वामी या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. त्याचा अर्थ धनी, प्रभू, आणि त्यावरून फकीर किंवा संत असा होतो. त्यातला पहिला स्वर दीर्घ आहे, मूळ वेगळे आहे आणि अर्थाची दिशाही वेगळी आहे. गोंधळ होण्याचे कारण रोमन लिपी हेच आहे, कारण तीत ही दोन्ही नावे बहुधा एकाच तीन अक्षरांनी लिहिली जातात आणि ज्याने मराठी उच्चार ऐकलेला नाही तो मोकळेपणाने ‘साई’ असेच वाचतो. देवनागरीत हा घोटाळा संभवत नाही.

यादीतल्या लक्ष्मीला आणि फुलाला कोणताही आधार नाही. मुलींच्या नावांच्या याद्यांमध्ये ज्याचा अर्थ ठाऊक नाही त्यापुढे लक्ष्मी, दुर्गा किंवा फूल असे लिहून मोकळे होण्याची जी पद्धत पडली आहे, तिचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्यामुळे आईवडील आपल्या लेकीला चुकीचा अर्थ सांगतात आणि ती तो आयुष्यभर इतरांना सांगत राहते. येथे तर खरा अर्थ यादीतल्या अर्थापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे.

तो किती श्रीमंत आहे हे पाहण्यासाठी ‘सखी’ या शब्दाकडेच जायला हवे. ऋग्वेदात ‘सखा’ हा फार मानाचा शब्द आहे. दहाव्या मंडलातल्या एकाहत्तराव्या सूक्तात, चाळणीने सातू चाळावे तशी जे धीर पुरुष मनाने वाणी शुद्ध करून घेतात त्यांचे वर्णन आले आहे, आणि तेथेच ‘अत्रा सखायः सख्यानि जानते’ असे म्हटले आहे; अशा वाणीत सखे एकमेकांचे सख्य ओळखतात. आपल्या परंपरेत या शब्दाची फोड ‘समान’ आणि ‘ख्या’ अशी करतात, म्हणजे ज्यांचे पाहणे आणि बोलणे सारखे ते सखे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ‘सच्’ या धातूशी, म्हणजे बरोबर असणे, सोबत जाणे याच्याशी जोडतात, आणि लॅटिनमध्ये सोबत्याला ‘सोकियुस’ म्हणतात तो शब्दही त्याच मुळाचा मानतात. मला स्वतःला दुसरी उपपत्ती अधिक पटते, पण आशय दोन्हींचा एकाच ठिकाणी येतो : सखी ती, जी बरोबर चालते.

इराणी भाषांमध्ये आपल्या ‘स’च्या जागी ‘ह’ येतो. सप्तचे हप्त आणि सिंधूचे हिंदू झाले ते याच नियमाने. त्याच नियमाने सखाचे ‘हखा’ झाले. इराणमधल्या ज्या राजघराण्यात दारयवहु म्हणजे दरायस हा सम्राट होऊन गेला, त्याचे नाव ज्या मूळपुरुषावरून पडले तो ‘हखामनिश’. बेहिस्तूनच्या शिलालेखात दरायसने आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेली आहे. हखा म्हणजे सखा आणि मनिश म्हणजे मन. ‘ज्याचे मन मित्राचे आहे तो’ असा त्या नावाचा अर्थ. आपल्या नातीचे दोन अक्षरांचे नाव आणि अडीच हजार वर्षांपूर्वी कड्यावर कोरलेले हे नाव एकाच शब्दाच्या दोन टोकांना आहेत, हे ती मोठी झाल्यावर तिला सांगण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट लग्नविधीतली आहे. सप्तपदीत वधू सात पावले टाकते. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, पुढची धन, सुख, संतती आणि ऋतू यांच्यासाठी, आणि सातव्या पावलाला वर म्हणतो, ‘सखा सप्तपदी भव’. सात पावले चाललीस, आता माझी सखी हो. चौकस वाचकाला येथे प्रश्न पडेल की बोलणे वधूशी चालले असताना ‘सखा’ असे पुल्लिंगी रूप कसे आले. त्याचे उत्तर पाणिनीने दिले आहे. ‘सख्यशिश्वीति भाषायाम्’ या सूत्रात तो सांगतो की ‘सखी’ हे स्त्रीलिंगी रूप ‘भाषेत’, म्हणजे लोकांच्या बोलण्यात होते. वेदात तसा नियम नाही, आणि काशिका या टीकेत त्यासाठी सप्तपदीतले हेच वाक्य उदाहरण म्हणून दिलेले आहे. म्हणजे ‘सखी’ हा शब्द प्रथमपासूनच बोलणाऱ्यांच्या तोंडचा आहे आणि तो पुढे बोलता बोलताच ‘सही’ आणि ‘सई’ झाला. विवाहातल्या अखेरच्या पावलाला मागितले जाते ते हे नाते आहे, हे लक्षात घेतले तर नावात देवता नसल्याची खंत कोणालाही वाटू नये.

संस्कृत नाटकांत स्त्रिया बहुधा प्राकृत बोलतात, त्यामुळे सखीची प्राकृत हाक आपल्याला तेथे प्रत्यक्ष ऐकू येते. कालिदासाच्या शाकुंतलात झाडांना पाणी घालताना घट्ट बांधलेल्या वल्कलाची तक्रार करणारी शकुंतला ‘सहि अणसूए’ असे म्हणते. तिच्या अनसूया आणि प्रियंवदा या दोघी सख्या काय करतात ते आठवावे : दुर्वासाचा शाप त्या परस्पर झेलतात, त्याचा उतारा मिळवतात आणि मैत्रिणीचे मन दुखावू नये म्हणून तो तिला सांगतही नाहीत. (ते सांगायला हवे होते की नव्हते यावर वाद होऊ शकेल, पण त्यांच्या मायेविषयी होऊ शकत नाही.)

महाराष्ट्राच्या इतिहासात हे नाव ज्यांच्यामुळे घराघरात माहीत झाले त्या सईबाई. फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या या कन्येचा विवाह 1640 मध्ये शिवाजी महाराजांशी झाला. त्या महाराजांच्या पहिल्या पत्नी. 14 मे 1657 रोजी पुरंदर किल्ल्यावर त्यांनी संभाजीराजांना जन्म दिला आणि 5 सप्टेंबर 1659 रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. त्या वेळी संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते आणि अफजलखानाशी प्रतापगडाखाली झालेली भेट अवघ्या दोन महिन्यांवर आलेली होती. नावाच्या दृष्टीने मला त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव फार बोलके वाटते. तिचे नाव सखूबाई. सखू हाही सखीपासूनच निघालेला शब्द आहे. फरक एवढाच की त्यात मुळातला ‘ख’ शाबूत राहिला. म्हणजे आईच्या नावात झिजून गुळगुळीत झालेली सखी आणि लेकीच्या नावात ‘ख’ टिकवून राहिलेली सखी. असे नाव कोणी विचारपूर्वक ठेवले होते की सहज ठेवले गेले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. सतराव्या शतकातल्या मराठी घरांत ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती, एवढे त्यावरून कळते. कऱ्हाडच्या संत सखूच्या कथेत पंढरीची ओढ लागलेल्या या सासुरवाशिणीसाठी विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या घरी राबतो. नाव सखूचे, पण त्या कथेत सख्य निभावतो तो देव. महाराजांच्या दुसऱ्या एका राणीचे नाव सोयराबाई होते, आणि सोयरा म्हणजे आप्त. देवतेऐवजी नात्यावरून मुलीचे नाव ठेवण्याची ही जुनी मराठी रीत आहे आणि आपण नकळत तीच पाळली आहे.

तेव्हा नातीला एकच अर्थ सांगावा : सई म्हणजे मैत्रीण. शक्य असल्यास आजीची एखादी ओवी आठवून तिच्यासह सांगावा.

प्रश्न : माझ्या मुलीचे नाव सई आहे. एका कागदपत्रावर ते ‘सयी’ असे लिहून आले आणि दुरुस्ती मागितली असता दोन्ही सारखेच असल्याचे उत्तर मिळाले. दोन्ही रूपे बरोबर आहेत का? तसेच ‘सईला’ म्हणावे की ‘सयीला’?

उत्तर : दोन्ही सारखी नाहीत, आणि आपण दुरुस्तीचा आग्रह धरावा. वर सांगितल्याप्रमाणे ‘सही’मधला ‘ह’ जाऊन मागे केवळ ‘ई’ हा स्वर उरला. त्यात ‘य’ मुळात नाही. सुई, जाई, जुई, आई, बाई हे शब्द आपण जसे लिहितो तसेच सई लिहायचे. अंत्य ईकार मराठीच्या नियमाप्रमाणे दीर्घच, म्हणून ‘सइ’ हेही चूक.

‘सयी’ हे रूप मराठीत आहे, पण ते वेगळ्या शब्दाचे आहे. आठवण या अर्थाचा ‘सय’ असा एक सुंदर स्त्रीलिंगी शब्द आपल्याकडे आहे, आणि सोय या शब्दाचे जसे सोयीने, सोयीचा असे होते, तसे सय या शब्दाचे सयीने, सयीचा असे होते. त्यामुळे ‘सयी’ असे लिहिले की वाचणाऱ्याला आठवणीचा भास होतो. ‘सई म्हणजे आठवण’ असा जो अर्थ काही जण सांगतात, त्याच्या मुळाशी दोन शब्दांची हीच सरमिसळ असावी.

विभक्तीच्या प्रत्ययापूर्वी नाव बदलत नाही, म्हणून सईला, सईने, सईचा, सईकडे अशीच रूपे होतील; सुईला, बाईला याप्रमाणे. बदल होतो तो अनेकवचनात, सुया आणि बाया यांच्याप्रमाणे सया, आणि तेही सामान्यनाम म्हणून वापरताना. वर्गात या नावाच्या तिघी असल्या तर मात्र ‘तीन सई’ असेच म्हणावे, कारण विशेषनामाला अनेकवचनाचे रूप चिकटवले की त्याचे पुन्हा सामान्यनाम होते. घरी हाक मारताना ‘सई’ म्हटले तरी योग्यच आहे, आणि ‘सये’ म्हटले तर ते या शब्दाचे जुने, व्याकरणशुद्ध संबोधन आहे. जात्याशी बसलेल्या बायका हेच म्हणत असत.